लकव्यानंतर आखडलेला हात आणि लेझरचा उजेड

लकव्यात हात आधी लुळा पडतो. काही आठवड्यांनी कोपरात वाकतो, मूठ वळते ती उघडत नाही. घरचे म्हणतात, नस आखडली. खरं तर मेंदूचा स्नायूंवरचा लगाम सुटलेला असतो, म्हणून ते ताठ राहतात.

यावर लेझरच्या 'सिटिंग' घ्या, असं सांगणारे आता भेटतात. हा कापणारा लेझर नव्हे. लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा मंद प्रकाश असतो. 1967 च्या सुमारास हंगेरीत एन्ड्रे मेस्टर यांना उंदरांवर असा प्रकाश टाकताना भादरलेले केस लवकर उगवलेले दिसले, तिथून हे सुरू झालं. दुखणं थोडं कमी होऊ शकतं. पण ताठरपणावरचे अभ्यास लहान आहेत. बिघाड मेंदूत आहे आणि हा उजेड कातडीखाली फार खोल जात नाही. यासाठी कर्ज काढू नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

त्यापेक्षा रोज दोन-तीनदा कोपर, मनगट, मग बोटं हळूहळू सरळ करून अर्धा मिनिट धरा. झटका देऊ नका. दुखऱ्या खांद्यावर हात ओढून रुग्णाला उठवू नका. हे घरोघरी होतं! फिजिओथेरपी सरकारी रुग्णालयात विचारा. बॅक्लोफेनची गोळी चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, धोका असतो.

ताठरपणा अचानक वाढला तर आधी लघवीची जळजळ, बद्धकोष्ठता, पाठीवरची जखम बघा. आणि शेकाचा दिवा बधिर हातावर लावू नका. रुग्णाला चटका कळत नाही, फोड आल्यावरच आपल्याला दिसतो.