बंदूक कुणाच्या हद्दीत आहे?

प्रश्न : मी मूळचा हातकणंगले तालुक्यातला. नोकरीची सगळी वर्षं पुण्यात गेली. तिथेच असताना पुणे पोलीस आयुक्तालयातून बारा बोअरच्या बंदुकीचा परवाना घेतला. आता निवृत्त होऊन गावी आलोय. आधार, मतदार यादी, गॅस, बँक, सगळीकडचा पत्ता बदलून झाला, पण बंदुकीच्या परवान्यावर अजून पुण्याचाच आहे. नूतनीकरणाला दोन वर्षं अवकाश आहे. तेव्हाच पत्ता बदलून घेतला तर चालेल का? अर्ज कुठे द्यायचा, तहसील कचेरीत की पोलीस ठाण्यात? शेजारी म्हणतात, बंदूक कपाटात पडलीय, उगाच कशाला उकरून काढताय?
एक वाचक, हातकणंगले

उत्तर : शेजाऱ्यांचं ऐकू नका. दोन वर्षं थांबणं तर अजिबात चालणार नाही.

शस्त्र परवान्याच्या छापील अटी कुणी वाचत नाही. वाचल्या असत्या तर हा प्रश्न पडला नसता. राहण्याचं ठिकाण बदललं आणि शस्त्र सोबत नेलं, तर 30 दिवसांच्या आत दोन ठिकाणी कळवायचं असतं : जिथे राहायला आलात तिथल्या परवाना प्राधिकाऱ्याला, आणि ज्याने परवाना दिला किंवा शेवटचं नूतनीकरण केलं त्यालाही. मागितलं तर परवाना आणि शस्त्र दोन्ही नव्या ठिकाणी दाखवावं लागतं. मग नव्या पत्त्याची नोंद होते आणि पुढचं नूतनीकरण इथूनच होतं. परवान्याची अट मोडणं हा शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 30 खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय कलम 17 खाली परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला असतो. पुष्कळांना दंडापेक्षा हे दुसरं जास्त महागात पडतं.

एवढी काटेकोर अट कशासाठी? बँकेला तुमचा पत्ता चेकबुक पाठवायला लागतो. परवान्यावरचा पत्ता मात्र एका ठाण्याच्या दफ्तरातली नोंद असते : या घरात, या माणसाकडे, या क्रमांकाचं हत्यार आहे. आज तुमची बंदूक पुण्याच्या एका ठाण्याच्या कागदावर आहे आणि प्रत्यक्षात इथल्या कपाटात. तिथे नोंद आहे पण हत्यार नाही, इथे हत्यार आहे पण नोंद नाही. उद्या घरफोडी झाली आणि बंदूक गेली, तर फिर्याद द्यायला गेल्यावर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल.

निवडणुकीत हे सगळ्यात आधी उघडं पडतं. आचारसंहिता लागली की परवानाधारकांची यादी ठाण्याठाण्यांतून निघते आणि कुणाची शस्त्रं जमा करून घ्यायची हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. सरसकट सगळ्यांची जमा होतात असं नाही. पण नोटीस मात्र परवान्यावरच्या पत्त्यावरच जाते. हातकणंगले लोकसभा मतदारसंघात तुम्ही मतदार म्हणून नाव लावलंत आणि तुमच्या बंदुकीची नोटीस पुण्याच्या फ्लॅटवर गेली, तर तिथला भाडेकरू सांगणार, ‘इथं कुणी नाही राहत.’ हवालदार अहवालात लिहिणार, ‘परवानाधारक दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.’ कागदावरचं हे एक वाक्य पुसायला किती हेलपाटे पडतात, ते सरकारी कचेरीत वावरलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता अर्जाचं. तहसील कचेरी नाही. पोलीस ठाणंही नाही, निदान पहिल्यांदा नाही. पुण्यात परवाना पोलीस आयुक्त देतात, कारण तिथे आयुक्तालय आहे. कोल्हापूर जिल्ह्यात आयुक्तालय नाही, त्यामुळे इथे परवाना प्राधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, जिल्हादंडाधिकारी या नात्याने. म्हणजे नागाळा पार्कातलं जिल्हाधिकारी कार्यालय. तिथे अर्ज द्या, सोबत मूळ परवान्याची प्रत आणि नव्या पत्त्याचे पुरावे जोडा. पुणे आयुक्तालयाला वेगळं पत्र पाठवा आणि त्याची पोच जपून ठेवा. अर्ज पडताळणीसाठी पोलीस अधीक्षकांमार्फत तुमच्या ठाण्यात येतो आणि मग ठाण्याचा माणूस घरी येतो. तो घर पाहतो, शेजारीपाजारी चौकशी करतो, बंदूक कुठे आणि कशी ठेवता ते विचारतो. त्याच्या येण्याआधी कुलूपबंद कपाटाची सोय झालेली असली तर बरं.

इथे हातकणंगलेकरांनी एक गोष्ट नीट बघावी. पत्त्यात ‘ता. हातकणंगले’ लिहिलं म्हणजे ठाणं हातकणंगलेच असेल असं नाही. तालुका मोठा आहे. हुपरीला वेगळं ठाणं आहे, पेठवडगावला वेगळं, शिरोली एमआयडीसीला वेगळं, आणि इचलकरंजीत तर एकाहून अधिक. तुमचं गाव कुठल्या ठाण्यात येतं ते ग्रामपंचायतीत विचारून अर्जावर लिहा. चुकीच्या ठाण्यात गेलेली पडताळणी फिरून परत येण्यात फार वेळ जातो. याच कारणाने जिल्ह्यातल्या जिल्ह्यात घर बदललेल्यांनीही गप्प बसू नये. हुपरीचा एखादा चांदी व्यावसायिक इचलकरंजीत राहायला गेला, तर परवाना प्राधिकारी तोच राहतो, पण ठाणं बदलतं.

तुम्हाला येऊन 30 दिवस कधीच उलटले असणार. तरी आजच अर्ज द्या आणि गावी आल्याची खरी तारीख लिहा. मागच्या महिन्यात आलो असं लिहिण्याचा मोह होईल, कुणी एजंट तसा सल्लाही देईल. पण आधारवरचा पत्ता कधी बदलला, मतदार यादीत नाव कधी लागलं, हे सगळं तुम्हीच पुरावा म्हणून जोडणार आहात. उशिराचं कारण साध्या भाषेत लिहिलं तर ते ऐकून घेतलं जाण्याची शक्यता बरीच असते. खोटी तारीख मात्र पकडली गेली की वेगळंच प्रकरण होतं.

परवान्यावर तुमचा यूआयएन, म्हणजे शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय डेटाबेसमधला क्रमांक, आहे का तेही एकदा पाहा. पत्ता बदलला तरी तो क्रमांक बदलत नाही. जुन्या परवान्यावर तो नसेल तर पत्त्याआधी ते निस्तरावं लागेल. परवाना कुठल्या क्षेत्रापुरता आहे तेही वाचा : जिल्हा, राज्य की संपूर्ण भारत. पुणे जिल्ह्यापुरताच असेल आणि बंदूक इथे आणली असेल, तर नुसत्या पत्त्यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. मग वकिलाला विचारूनच पुढचं पाऊल टाका.

बंदूक अजून पुण्यातच असेल आणि आता आणायची असेल, तर घरसामानाच्या टेम्पोत टाकू नका. गोळ्या काढून, केसमध्ये, परवाना खिशात ठेवून स्वतः आणा. पुण्यातच राहिलेल्या मुलाकडे ठेवतो म्हणाल तर तेही चालत नाही. परवाना तुमच्या नावावर आहे, घराच्या नाही. कायद्यात सवलत आहे ती एवढीच : दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा तुमच्याच वापरासाठी दुसरा माणूस तुमच्या लेखी संमतीने किंवा तुमच्या समक्ष शस्त्र नेऊ शकतो. सांभाळायला ठेवणं त्यात बसत नाही. मधल्या काळात सुरक्षित ठेवायची असेल तर तसा परवाना असलेला शस्त्रविक्रेता ती ठेवून घेऊ शकतो.

एक अडचण तुमच्या पत्रात नाही, पण पडताळणीत निघू शकते. पुण्यात परवाना घेताना तुम्ही काही कारण दिलं असेल, बहुधा स्वसंरक्षण. इथे निवृत्तीनंतर ते कारण उरलंय का, असं विचारलं जाईल. उसात डुकरं येतात म्हणून बंदूक हवी, असं उत्तर चटकन देऊ नका. पीक संरक्षणासाठीचा परवाना ही वेगळी बाब आहे. कायद्यात त्यासाठी आधी ठासणीची बंदूक धरलेली आहे, आणि ती पुरणार नाही अशी प्राधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी. वर रानडुक्कर मारायला वन खात्याची परवानगी वेगळी लागते. नुसता शस्त्र परवाना हातात आहे म्हणून रानात गोळी झाडली, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 आडवा येतो.

मुलाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे परवानाधारक 70 वर्षांचा झाला, किंवा त्याच्याकडे शस्त्र असून 25 वर्षं झाली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, तो हयात असतानाच कायदेशीर वारसाला परवाना मिळू शकतो. अर्थात मुलाची पात्रता आणि पडताळणी वेगळी होते, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात, वारशाने आलेली धरून. तुमच्या बंदुकीला 25 वर्षं होत आली असतील, तर आधी पत्ता बदलून घ्या आणि नंतर वारसाचा अर्ज करा. दोन्ही अर्ज एकदम दिलेत, तर पुणे म्हणणार फाईल कोल्हापूरला, आणि कोल्हापूर म्हणणार पुण्याचं पत्र आल्याशिवाय हात लावत नाही.