टकटक की ठकठक?

मुलांनो, 'आवाज' हा शब्द तुम्हांला नवा नाही. फारसीतून तो उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. फरक एवढाच, की उर्दूत आवाज 'आती है' आणि मराठीत आवाज 'येतो'. हा शब्द मराठीत पुल्लिंगी आहे, हे आधी लक्षात ठेवा. मग आपण गाडीकडे वळू.

मराठीत आवाजांची नावे भरपूर आहेत. दारावर टकटक होते. सुताराचा हातोडा ठकठक करतो. बांगड्या किणकिणतात, पत्रा खडखडतो, आगगाडी धडधडत जाते. हे शब्द केवळ निबंध सजवण्यासाठी नाहीत. जुन्या मोटारीचे इंजिन आतून वाजू लागले, तर आपण यांतला कोणता शब्द वापरतो यावरून दुखणे लहान की मोठे, हे बरेचसे कळते.

समजा, तुमच्या मामूंकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. मुंबईच्या रस्त्यांवर ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणून कित्येक वर्षे धावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची टॅक्सी म्हणून सेवा संपली, पण हौशी मालकांनी काही पद्मिनी अजून जपून ठेवल्या आहेत. तिचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे आणि कार्ब्युरेटरवर चालणारे. आठ दिवसांनी मामूंना घरच्या सगळ्यांना घेऊन लग्नासाठी नाशिकला जायचे आहे. वाटेत कसारा घाट आहे. आणि नेमकी आताच गाडी आवाज करू लागली आहे. एका मिस्त्रीने दुरूनच ऐकून सांगितले, "इंजिन उतरवावं लागेल." लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे गाडीत जाणार, म्हणून मामू काळजीत आहेत. तुम्ही त्यांना काय सांगाल?

इंजिन उतरवण्याआधी ऐकावे. पण ऐकण्याच्याही आधी ऑइल पाहावे. गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी बाहेर काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे की नाही ते पाहा. हे साधे काम असूनही पुष्कळ लोक ते शेवटी करतात. ऑइल फार कमी असेल, तर आवाज ऐकण्यासाठी म्हणूनसुद्धा इंजिन चालू करू नये.

ऑइल ठीक असेल, तर मामूंना इंजिन सुरू करायला सांगा. गाडी मोकळ्या हवेत असावी. बंद गॅरेजात धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो जीव घेतो. ओढणी, सैल बाही, लांब केस पंख्याच्या पट्ट्याजवळ जाऊ देऊ नका.

आता कान द्या. झाकणाच्या बाजूने, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, हलकी आणि एकसारखी टकटक येते आहे का? शिवणयंत्रासारखी? मग ते बहुधा टॅपेट असतात. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांना व्हॉल्व्ह म्हणतात. त्या उघडणाऱ्या भागांत मुद्दाम केसाएवढी फट ठेवलेली असते, कारण लोखंड तापले की वाढते. झीज होऊन फट वाढली, की टकटक वाढते. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक झडप एकदा उघडते. म्हणून ही टकटक इंजिनाच्या फिरण्याच्या निम्म्या गतीने येते. मिस्त्री पातळ पात्यांच्या मापाने फट मोजतो आणि पान्याने ती नीट करतो. इंजिन उतरवावे लागत नाही.

काही मालक आवाज अजिबात नको म्हणून हट्ट धरतात. तो हट्ट महागात पडतो. फट नको तितकी कमी केली, तर तापल्यावर झडप पूर्ण बंद होत नाही, तिची उष्णता बाहेर जात नाही आणि ती जळते. थोडी टकटक करणारे टॅपेट मुक्या टॅपेटांपेक्षा बरे, असे जुने उस्ताद म्हणतात ते खरेच आहे.

टकटकीपेक्षा निराळा असतो तो ठकठक आवाज. तो जड असतो, खालून येतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो वाढतो आणि पायाखालच्या पत्र्यालाही जाणवतो. हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. पिस्टन वर-खाली होतो, क्रँक गोल फिरतो आणि या दोघांना जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. एवढ्या वेगात धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये ऑइलचा अगदी पातळ थर असतो. बेअरिंग झिजले की तो थर टिकत नाही आणि प्रत्येक फेऱ्याला रॉड क्रँकवर आपटतो. सोबत ऑइलचा दिवा लुकलुकत असेल, तर शंका उरत नाही.

उस्ताद लोक याची एक सुंदर परीक्षा घेतात. चालू इंजिनात ते एकेका सिलिंडरच्या प्लगची ठिणगी थोडा वेळ बंद करतात. त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाही, त्यामुळे त्याच्या रॉडवर जोराचा दाब येत नाही. ज्या सिलिंडरची ठिणगी बंद केल्यावर ठकठक कमी होते, त्याचेच बेअरिंग दोषी. चार आरोपींतून एक असा हाती लागतो. पण प्लगच्या तारेत हजारो व्होल्टचा दाब असतो, म्हणून ही परीक्षा तुम्ही करायची नाही, फक्त लांबून पाहायची.

दुसरे एक साधन पाहा. उस्ताद लांब पेचकसाचे टोक इंजिनाला लावतात आणि मूठ कानाजवळ धरतात. घन वस्तूतून आवाज चांगला जातो, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची गुंडाळी करून रोग्याच्या हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप निघाला. उस्तादाचा पेचकस त्याचाच भाऊ समजा.

थंड इंजिन वाजते आणि गरम झाल्यावर आवाज कमी होतो, असेही घडते. तेव्हा झिजलेला पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटत असतो. तापल्यावर तो फुगतो आणि फट भरते. हे म्हातारपणाचे लक्षण आहे, पण अशी गाडी पुढेही बरेच दिवस चालू शकते. कधी तर दोष इंजिनात नसतोच. ढिली पुली, तुटलेले माउंटिंग किंवा चासीला लागणारा सायलेन्सरचा पाइपही ठोके देतो. म्हणून आधी या गोष्टी हाताने हलवून पाहाव्यात, अर्थात इंजिन बंद आणि थंड असताना.

आता मामूंना विचारा, "मामूजान, आवाज केव्हा येतो?"

ते म्हणतात, "उभी असताना थोडी टकटक होते, ती जुनीच आहे. पण पुलाच्या चढावर, चौथ्या गिअरमध्ये जोर दिला, की किणकिण वाजते. पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवाव्यात तशी."

"आणि तिसरा गिअर टाकला की?"

"थांबते."

"ऑइलचा दिवा लागतो का?"

"नाही."

या तीन उत्तरांत पुष्कळ काही आले. सिलिंडरमधले मिश्रण प्लगच्या ठिणगीपासून सुरू होऊन क्रमाक्रमाने जळायला हवे. ठिणगी फार लवकर पडली, आत काजळी साठली, इंजिन जास्त तापले किंवा पेट्रोल हलके असले, तर उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने एकदम आपोआप पेट घेते. त्या धक्क्याने धातू किणकिणतो. यालाच नॉकिंग म्हणतात. नव्या गाड्यांत हे ओळखणारा सेन्सर असतो आणि ठिणगीची वेळ गाडी स्वतःच बदलते. पद्मिनीत तो सेन्सर म्हणजे चालवणाऱ्याचा कान.

पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही, ते ऑक्टेनच्या आकड्याने सांगतात. १९२१ मध्ये अमेरिकेत असे आढळले, की पेट्रोलात शिशाचे एक संयुग मिसळले तर नॉकिंग थांबते. मग जगभर शिसे मिसळले गेले आणि धुरातून ते माणसांच्या, विशेषतः मुलांच्या, शरीरात जाऊन मेंदूला अपाय करत राहिले. इंजिनाची किणकिण थांबवण्याची ही किंमत फारच मोठी होती. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले.

मामूंच्या गाडीचे इंजिन उतरवायची गरज दिसत नाही. मिस्त्रीला सांगायचे, "चढावर किणकिण येते, गिअर खाली घेतला की थांबते, दिवा लागत नाही. आधी टायमिंग पाहा." तो डिस्ट्रिब्युटर थोडासा फिरवून ठिणगीची वेळ मागे घेईल. फार मागे घेतली, तर गाडीचा जोर जाईल आणि ती तापेल, म्हणून हे काम थोडे थोडे करून पाहायचे असते. सोबत रेडिएटर आणि टॅपेटही पाहून घ्यावेत. नंतर त्याच पुलावर, त्याच चौथ्या गिअरमध्ये, तेवढीच माणसे बसवून गाडी पुन्हा चढवायची आणि खिडकीची काच खाली ठेवायची. घाटात मात्र किणकिण सुरू होण्याची वाट न पाहता तिसरा गिअर टाकावा.

आणि मामूंनी "किणकिण" ऐवजी "ठकठक" म्हटले असते, वर दिवाही लुकलुकला असता, तर? तर गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत न्यायची नव्हती. सुरुवातीला नुसते बेअरिंग बदलून भागते. तसेच चालवत राहिले तर क्रँक खराब होतो आणि शेवटी रॉड तुटून इंजिनाच्या भिंतीला भोक पाडतो. अशा वेळी किल्ली फिरवून इंजिन बंद करायचे, दोर बांधून गाडी ओढत न्यायची आणि नाशिकला कसारा घाटातूनच, पण आगगाडीने जायचे.