रोजगाराची शिडी : समुदाय महाविद्यालये आणि आरोग्यसेवेचे प्रशिक्षण

एखादा कारखाना बंद पडतो, तेव्हा त्याच्या धुराड्याबरोबर शेकडो घरांतील चुलीही थंडावतात. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावाने हे जवळून पाहिले आहे. अशा कामगारांना नवे कौशल्य शिकवावे, याविषयी कोणाचे दुमत नसते. परंतु कोणते कौशल्य शिकवावे, किती काळ शिकवावे आणि शिकत असताना त्यांच्या कुटुंबाचा निर्वाह कसा व्हावा, हे प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात. या दृष्टीने अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओ शहरात झालेला प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे.

महाविद्यालय, पण वेगळे

अमेरिकेतील समुदाय महाविद्यालये, म्हणजेच कम्युनिटी कॉलेजे, सर्वसाधारणपणे दोन वर्षांपर्यंतचे शिक्षण देतात. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली सुरू झालेले महाविद्यालय हे त्यांतील आद्य मानले जाते. विद्यापीठाच्या मानाने अल्प शुल्क, प्रवेशाची सुलभ अट, सायंकाळचे वर्ग आणि परिसरातील रोजगाराशी जुळणारे अभ्यासक्रम ही त्यांची वैशिष्ट्ये होत. दिवसा काम करून शिकू इच्छिणाऱ्या प्रौढांना ती सोयीची ठरतात. परिचारिकांच्या शिक्षणात तर या संस्थांचा वाटा फार मोठा आहे.

सॅन अँटोनिओचा अनुभव

१९९० साली लेव्ही स्ट्रॉस कंपनीने सॅन अँटोनिओ येथील आपला कपडे शिवण्याचा कारखाना बंद केला. सुमारे एक हजार कामगार बेकार झाले. त्यांत मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांची संख्या मोठी होती. त्याच काळात शहरात नव्या नोकऱ्याही निर्माण होत होत्या, परंतु त्यांसाठी लागणारे शिक्षण या कामगारांजवळ नव्हते. तेथील चर्चशी निगडित लोकसंघटनांनी पुढाकार घेऊन मालकवर्ग, नगरशासन आणि महाविद्यालये यांच्याशी बोलणी केली. त्यांतून १९९२ साली ‘प्रोजेक्ट क्वेस्ट’ ही संस्था उभी राहिली.

या संस्थेने स्वतःचे वर्ग उघडले नाहीत. शिकवण्याचे काम मुख्यतः समुदाय महाविद्यालयांकडे राहिले. ज्या कामाला शहरात मागणी आहे आणि ज्याच्या वेतनावर कुटुंब चालू शकते, अशाच कामाचा अभ्यासक्रम निवडावयाचा, हा संस्थेचा पहिला नियम होय. परवानाधारक परिचारिका, नोंदणीकृत परिचारिका, वैद्यकीय नोंदींचे संकेतीकरण करणारे कर्मचारी अशी आरोग्यक्षेत्रातील कामे त्यांत प्रामुख्याने आली. शुल्क, पुस्तके, प्रवास आणि मुलांचा सांभाळ यांसाठी साहाय्य देण्यात आले. गणित व वाचन कच्चे असलेल्यांसाठी पूर्वतयारीचे वर्ग योजण्यात आले. शिवाय दर आठवड्यास सल्लागारासमवेत बैठक होई. अभ्यास मागे पडला, मूल आजारी झाले, घरभाडे थकले, तर ती अडचण या बैठकीत वेळीच समजे.

फळ उशिरा मिळाले

आरोग्यक्षेत्रातील प्रशिक्षणासाठी २००६ ते २००८ या काळात अर्ज केलेल्या ४१० जणांच्या पुढील आयुष्याचा मागोवा घेण्यात आला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटास संस्थेचे साहाय्य मिळाले, दुसऱ्यास मिळाले नाही. पहिल्या वर्षी साहाय्य मिळालेल्या गटाची कमाई दुसऱ्या गटाहून कमीच भरली, कारण शिक्षणासाठी त्यांना कामाचे तास सोडावे लागले होते. एवढ्यावरच हिशेब मिटवला असता, तर योजना फसली असा शेरा पडला असता. परंतु २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार नवव्या वर्षी या गटाची वार्षिक कमाई दुसऱ्या गटापेक्षा ५ हजार डॉलरांहून अधिक होती.

पहिल्या पायरीचा धोका

याच्या जोडीला दुसरा अनुभवही ध्यानी घ्यावयास हवा. २०१० च्या आरोग्यविषयक कायद्यान्वये अमेरिकेच्या केंद्र शासनाने गरीब कुटुंबांतील व्यक्तींना आरोग्यसेवेचे शिक्षण देण्यासाठी २३ राज्यांतील ३२ संस्थांना अनुदान दिले. त्यांत समुदाय महाविद्यालयेही होती. अनेकांनी रुग्णसहायकाचा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम निवडला. या कामासाठी केंद्रीय नियमांनुसार किमान ७५ तासांचे प्रशिक्षण पुरते. रुग्णास स्नान घालणे, कूस बदलणे, भरवणे, अशी ही कष्टाची सेवा असून तिचे वेतन मात्र तुटपुंजे असते. या योजनेमुळे शिक्षण घेणाऱ्यांची संख्या वाढली, परंतु त्यांच्या दीर्घकालीन कमाईत लक्षणीय वाढ आढळली नाही.

यावरून रुग्णसहायकाचे काम कमी प्रतीचे आहे, असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. त्या सेवेवाचून रुग्णालय चालणार नाही. मात्र शिडीची पहिली पायरी चढून थांबलेल्या व्यक्तीस दारिद्र्याबाहेर नेण्यास तेवढे प्रशिक्षण अपुरे पडते. पुढील पायरीची वाट आरंभीच आखून दिलेली असावी आणि तेथवर पोहोचेपर्यंत आधाराचा हात सुटू नये, हे या दोन्ही अनुभवांचे सार होय.

आपल्यासाठी बोध

भारतातही समुदाय महाविद्यालयाची कल्पना नवी नाही. पुदुच्चेरी विद्यापीठाच्या पुढाकाराने १९९५ साली असे महाविद्यालय सुरू झाले. आपल्या तालुक्यात प्रशिक्षणवर्गाचा प्रस्ताव येईल, तेव्हा अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्यांनी काही प्रश्न अवश्य विचारावेत. या शिक्षणानंतर नोकरी कोण देणार व वेतन किती? प्रमाणपत्राच्या आधारे पुढील अभ्यासक्रमास प्रवेश मिळेल काय? शिकणाऱ्या मातेच्या मुलास कोण सांभाळणार आणि तिचा बुडालेला रोज कसा भरून निघणार?

वर्गात किती नावे नोंदली गेली, हा आकडा अहवालात सहज भरता येतो. त्यांतील किती जण पाच वर्षांनंतर स्वतःच्या कमाईवर सुखाने घर चालवीत आहेत, हे पाहण्यास चिकाटी लागते. प्रशिक्षणाचे खरे मोल याच दुसऱ्या आकड्यावरून ठरते.