बागेतली गाडी, सरकारी रस्ता

प्रश्न : रावेरला केळीच्या बागेत फिरवण्यासाठी घेतलेल्या एटीव्हीला दिवे, आरसे बसवले, तर जळगावला नोंदणी होईल का?

उत्तर : दिव्या-आरशांनी गाडी शोभेल खरी, परंतु 1988च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 39 अन्वये सार्वजनिक रस्त्यावर आणावयाच्या वाहनास अनिवार्य असलेली नोंदणी मागताना, नमुना 20च्या अर्जासोबत नमुना 21चा विक्रीदाखला आणि नमुना 22चा, म्हणजे उत्पादकाने दिलेला रस्तायोग्यतेचा दाखला दप्तरी रुजू करावा लागतो, आणि हा दुसरा दाखला, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने त्या बनावटीची चाचणी घेऊन मान्यता दिल्याखेरीज, उत्पादकास देता येत नाही. विक्रेत्याकडे प्रथम तोच मागावा. नसल्यास जळगाव काय, धुळे काय, अर्ज नामंजूर होणार. ‘साहेब आपलेच आहेत’ म्हणणाऱ्या दलालास बयाणा देऊ नये. बांधाबाहेर गाडी टेंपोत चढवूनच न्यावी.