स्क्रीन मोठा, म्हणजे टायपिंग सोपं?

प्रश्न : बचत गटाचे निरोप मी फोनवरच लिहिते. स्क्रीन साडेपाच इंचांचा. मराठी लिहिताना हमखास शेजारचं अक्षर उमटतं. साडेसहा इंचांचा फोन घेऊ का?
– एक वाचक, पौड (ता. मुळशी)

उत्तर : ताई, घाई नको. हे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके मोजलेले असतात. जुना १६:९ प्रमाणाचा साडेपाच इंची आणि नवा २०:९ चा साडेसहा इंची, दोन्ही स्क्रीन रुंदीला जेमतेम ६८ मिलिमीटर! वाढते ती उंची. अक्षरांची बटणं तेवढीच अरुंद राहतात. आधी जीबोर्ड या कीबोर्ड अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये कीबोर्डची उंची वाढवून पाहा, फुकटात काम होईल. तरी घ्यायचाच तर दुकानात रुंदी विचारा आणि 'ज्ञानेश्वर' लिहून बघा. माइकवर बोलूनही मजकूर उमटतो. फक्त हप्त्याचे आकडे पाठवण्याआधी वाचून घ्या.