वाक्य सरळ करा, मग पारखा

विद्यार्थी मित्रांनो, मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास असतो : 'अर्थ न बदलता पुढील वाक्यांचे रूपांतर करा.' प्रश्नार्थी वाक्याचे विधानार्थी करायचे, उद्गारार्थी वाक्य साधे करायचे, होकारार्थीचे नकारार्थी करायचे. दोन-चार गुण पदरात पडले की आपण तो प्रश्न विसरून जातो. विज्ञानाच्या मासिकात व्याकरण कशाला, असेही काहींना वाटेल. परंतु वाक्यरूपांतर हे एक उत्तम उपकरण आहे. जाहिरात, हस्तपत्रक, सभेतील भाषण, मोबाइलवर आलेला संदेश या सर्वांत आपले मन वळवण्याचा प्रयत्न असतो. त्यातले खरे किती आणि नुसते जोरदार किती, हे या उपकरणाने पारखता येते. कसे, ते पाहू या.

प्रश्नाला खोटे पाडता येत नाही

आमच्या पनवेलहून पूर्वेकडे पाहिले की माथेरानचा डोंगर दिसतो. माथेरानची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे पाण्याचा उत्कलनबिंदूही कमी होतो. आता ही चार वाक्ये वाचा.

(१) माथेरानला पाणी सुमारे ९७ अंश सेल्सिअसला उकळते.
(२) माथेरानला पाणी १०० अंशांना कसे उकळेल?
(३) काय ही माथेरानची हवा, पाणीसुद्धा लवकर उकळते!
(४) माथेरानला डाळ जास्त वेळ शिजू द्या.

पहिले वाक्य विधानार्थी आहे. तापमापक घेऊन माथेरानला जा, पाणी उकळा आणि आकडा वाचा. विधान खरे ठरेल किंवा खोटे ठरेल. उरलेली तीन वाक्ये मात्र अशी तपासता येत नाहीत. प्रश्न खरा किंवा खोटा नसतो. उद्गार भावना सांगतो आणि आज्ञा काम सांगते. पण प्रत्येकाच्या पोटात एक विधान दडलेले असते. विशेषतः प्रश्नाची गंमत अशी, की त्याचे उत्तर वाचक मनातल्या मनात स्वतःच देतो आणि मग ते आपलेच मत आहे असे त्याला वाटू लागते. म्हणून पहिली पायरी ही : प्रत्येक वाक्याचे विधानार्थी रूपांतर करायचे आणि दडलेले विधान उजेडात आणायचे.

'केसरी'तील दोन मथळे

याचा अर्थ प्रश्न विचारणे वाईट, असा नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. प्लेगच्या बंदोबस्तावर नेमलेला अधिकारी रँड याच्यावर २२ जूनच्या रात्री गोळ्या झाडण्यात आल्या. त्यानंतर सरकारने पुण्यात जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च शहरावर लादला. ६ जुलैच्या 'केसरी'त लोकमान्य टिळकांच्या अग्रलेखाचा मथळा होता, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' पुढच्याच आठवड्यात, १३ जुलैला, मथळा आला, 'राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे.'

पहिला मथळा प्रश्नार्थी आहे. त्याचे रूपांतर करा : 'सरकारची ही कृती अविचारी आहे.' आता विचारा, कारण काय? सरकारच्या कृतीमागचा युक्तिवाद सरळ मांडला तर असा होतो : 'खून पुण्यात झाला, म्हणून दंड पुणेकरांनी भरावा.' या दोन वाक्यांच्या मध्ये एक विधान गाळलेले आहे. ते असे : 'एका गावात कोणी गुन्हा केला, तर साऱ्या गावाने त्याची शिक्षा भोगावी.' हे विधान उघड लिहिले की ते कोणाला पटेल? म्हणजे टिळकांचा प्रश्न पोकळ नव्हता. त्याच्या पोटातले विधान बाहेर काढले तरी उभे राहते. दुसरा मथळा तर मुळातच नकारार्थी विधान आहे. त्याच्याशी सरळ वाद घालता येतो. चांगल्या लेखनाची खूण हीच, की अलंकार उतरवून ठेवले तरी युक्तिवाद शिल्लक राहतो.

भायखळ्याच्या तुरुंगातील आकडे

त्याच वर्षी, त्याच साथीत, मुंबईत दुसऱ्या एका प्रकारचा युक्तिवाद मांडला जात होता. वाल्डेमार हाफकिन हा शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगवरील लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा सुमारे निम्म्या कैद्यांनी लस टोचून घेतली. टोचण्यापूर्वीच लागण झालेले कैदी सोडले, तर पुढचा हिशेब असा होता : न टोचलेल्या सुमारे १७० जणांपैकी १२ आजारी पडले व ६ दगावले. टोचलेल्या सुमारे १५० जणांपैकी २ आजारी पडले आणि एकही दगावला नाही.

आता समजा, कोणी म्हणाले, 'टोचून घेतलेल्यांनाही प्लेग झालाच ना? मग कशाला हवी ही लस!' वाक्ये ठसकेबाज आहेत, आणि पहिल्यातली माहिती खोटीही नाही. आपण रूपांतर करू : 'टोचून घेतलेल्या दोघांना प्लेग झाला, म्हणून लस निरुपयोगी आहे.' मध्ये गाळलेले विधान कोणते? 'उपयोगी लस घेतलेल्या एकालाही रोग होत नाही.' असा दावा हाफकिनने केलाच नव्हता. त्याचा दावा तुलनेचा होता. न टोचलेल्यांत आजारी पडण्याचे प्रमाण शेकडा ७, तर टोचलेल्यांत शेकडा दीडहूनही कमी. 'दोघांना झाला' हे सांगून 'बाराजणांना झाला' हे गाळणे, हा तर्कदोष अगदी नेहमीचा आहे. आकडे लहान होते, म्हणून एका तुरुंगावर विसंबून न राहता पुढे दमण येथे व इतरत्रही अशाच तुलना करण्यात आल्या.

म्हण म्हणजे पुरावा नव्हे

लसीची कल्पना समजावताना आपण सहज म्हणतो, 'काट्याने काटा काढावा.' हा दृष्टान्त छान आहे. पण लस नको म्हणणाराही म्हण काढू शकतो : 'विषाची परीक्षा कोणी पाहावी?' दोन्ही म्हणी तितक्याच चटकदार आहेत. त्यांच्यावरून निर्णय द्यायचा, तर पाठांतर जास्त त्याचा विजय होईल. दृष्टान्ताने कल्पना समजते, पण सिद्ध होत नाही. ते काम भायखळ्याचे आकडे करतात.

एक बाटली आणि एकोणीस मृत्यू

आता जरा अवघड उदाहरण घेऊ. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मलकवाल या गावी (हे आज पाकिस्तानात आहे) १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण काही दिवसांत धनुर्वाताने मरण पावले. लोक हादरले, आणि ते साहजिकच होते. युक्तिवाद असा झाला : 'लस टोचली आणि माणसे मेली, म्हणून लस जीवघेणी आहे.'

आपल्या न्यायशास्त्रात अशा दिसायला कारण, पण खरे कारण नसलेल्या गोष्टीला हेत्वाभास म्हणतात. 'डोंगरावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे' हे अनुमान बरोबर. 'डोंगरावर धूर आहे, कारण तेथे अग्नी आहे' हे मात्र चूक. कारण तापवून लाल केलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. जे कारण निष्कर्षाबरोबर आढळते आणि निष्कर्षाविनाही आढळते, ते सव्यभिचार. मलकवालला लस १०७ जणांना टोचली होती आणि १९ जण मेले. म्हणजे 'लस टोचली' हे कारण सव्यभिचार ठरते. मग त्या एकोणीसजणांतच असे काय होते, जे इतरांत नव्हते? त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस टोचली होती. दोष लसीच्या कल्पनेत नव्हता, त्या एका बाटलीत होता.

पण बाटली दूषित कोठे झाली? मुंबईच्या प्रयोगशाळेत, की गावात उघडताना? हाफकिनने लस निर्जंतुक करण्याची पद्धत थोडी बदलली होती आणि त्यातले कार्बॉलिक आम्ल वगळले होते. चौकशी समितीने दोष त्यावरच ठेवला : 'पद्धत बदलली, नंतर अपघात झाला, म्हणून बदलामुळे अपघात झाला.' यालाच आपण 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला' म्हणतो. हाफकिनला पद सोडून हिंदुस्थानाबाहेर जावे लागले.

पुढे कागदपत्रे बारकाईने तपासली गेली. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. शिवाय धनुर्वाताचे जंतू अनेक दिवस बाटलीत वाढत असते, तर उघडताना घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता. मलेरियाच्या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनी व इतर काही शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हे मांडले. अखेर हाफकिनवरचा ठपका दूर झाला. १९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला त्याचेच नाव देण्यात आले. आज आपण तिला हाफकिन संस्था म्हणून ओळखतो. पण एका सदोष 'म्हणून' मुळे मधली कित्येक वर्षे वाया गेली.

चार पायऱ्या

तात्पर्य, मन वळवणारा कोणताही मजकूर हाती आला की असे करा.

१. प्रत्येक वाक्याचे विधानार्थी रूपांतर करा.
२. विधानांमध्ये 'कारण' आणि 'म्हणून' घालून ती ओळीने मांडा.
३. गाळलेले विधान शोधून स्पष्ट लिहा.
४. प्रत्येक विधानापुढे लिहा : कोणते निरीक्षण मिळाले तर हे खोटे ठरेल?

स्वाध्याय

नमुन्यादाखल एक सोडवू. 'ग्रहणानंतर आठ दिवसांत भूकंप झाला. आता तरी पटले ना?' सरळ रूप : 'ग्रहणानंतर भूकंप झाला, म्हणून ग्रहणामुळे भूकंप होतो.' गाळलेले विधान : 'जे नंतर घडते, ते आधीच्यामुळेच घडते.' तपासणी : भूकंप न होता गेलेली ग्रहणे आणि ग्रहणाविना झालेले भूकंप मोजा.

पुढील वाक्ये तुम्ही सोडवा.

(अ) शंभर वर्षे चालत आलेले औषध कधी खोटे असेल काय?
(आ) अख्ख्या आळीने हे यंत्र बसवले, तुम्हीच मागे का?
(इ) एकतर ही टेकडी फोडू द्या, नाहीतर उपाशी मरा!
(ई) ज्याला साधी सायकल दुरुस्त करता येत नाही, त्याने पुलाच्या मजबुतीविषयी बोलू नये.

शिक्षकांना विनंती, की वर्गात एखादी खरी जाहिरात आणून मराठीच्या आणि विज्ञानाच्या तासाला मिळून हा प्रयोग करावा. मित्रांनो, आणखी एक काम. या लेखातही काही ठिकाणी प्रश्नार्थी वाक्ये आणि म्हणी वापरून तुमचे मन वळवण्याचा प्रयत्न केला आहे. त्या जागा शोधा, वाक्ये सरळ करा आणि जे उरेल तेवढेच माना.