वाईट दिवस आणि आपली श्रद्धा



काही दिवस सकाळपासूनच वाकडे जातात. पाण्याची वारी असते आणि नेमकी त्याच दिवशी मोटार बंद पडते. पहिल्या पाळीसाठी एमआयडीसीत वेळेवर पोहोचावे म्हटले, तर जालना रोडवर वाहतूक अडलेली असते. गेटवर उशिराची नोंद होते आणि साहेब चारचौघांत बोलतात. संध्याकाळी घरी आल्यावर कळते की मुलाला चाचणीत कमी गुण मिळाले. मग दिवसभराचा राग निघतो तो त्या लेकरावर, नाहीतर ज्याचा काही दोष नाही अशा घरच्या माणसावर.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात येते, ‘आम्ही रविवारची मिस्सा चुकवत नाही, रोज जपमाळ म्हणतो, तरी देव आमच्याकडे का पाहत नाही?’ वाईट दिवसाचा खरा धोका येथे आहे. बिघडलेली मोटार दुरुस्त होते, बुडालेला पगार पुढच्या महिन्यात भरून निघतो. पण ‘देवाने मला सोडले’ हा विचार एकदा मनात घर करून बसला, तर माणूस हळूहळू प्रार्थनेपासून आणि मग माणसांपासूनही दूर जातो.

एका संताचे सहा आठवडे

आपल्या धर्मप्रांताचे महामंदिर संत फ्रान्सिस डी सेल्स यांना वाहिलेले आहे. घोगरगावच्या मातीत विसावलेले फादर गुरियन जाकिये ज्या मिशनरी संघाचे होते, त्या संघालाही याच संताचे नाव आहे. हा संत सौम्य स्वभावासाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे आपल्याला वाटते की त्यांना वाईट दिवस ठाऊकच नसतील. प्रत्यक्षात तसे नव्हते.

इ.स. 1586 मध्ये फ्रान्सिस पॅरिसला येशूसंघीयांच्या महाविद्यालयात शिकत होते. वय अवघे 19 वर्षांचे. कोणाचे तारण होणार हे देवाने आधीच ठरवून ठेवले आहे काय, यावर त्या काळी मोठे वाद चालत. ते ऐकता ऐकता या तरुणाच्या मनाने घेतले की, आपले तारण होणार नाही. जेवण सुटले, झोप उडाली, शरीर खंगले. सुमारे सहा आठवडे असे गेले. अखेर 1587 च्या सुरुवातीस ते एका चर्चमध्ये शिरले आणि पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकले. तेथे त्यांनी देवाला सांगितले की, पुढे माझे काहीही होवो, या जन्मात मात्र मी तुझ्यावर प्रीती करीत राहीन. मग त्यांनी मरियामातेला शरण जाणारी एक जुनी प्रार्थना म्हटली आणि मनावरचा भार उतरला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांना छळणाऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाले आणि मग शांती आली, असे झाले नाही. उत्तर मिळालेले नसतानाच त्यांनी स्वतःला देवाच्या हाती सोपवले.

पुढे बिशप झाल्यावर, 1609 मध्ये, त्यांनी संसारी माणसांसाठी भक्तिमय जीवनावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात अस्वस्थता आणि खिन्नता यांवर वेगळी प्रकरणे आहेत. जाळ्यात सापडलेला पक्षी जितका फडफडतो तितका अधिक गुरफटतो, तसे अस्वस्थ मनाचे होते, असे ते समजावतात.

आपण काय करावे?

1. आधी जेवावे आणि झोपावे. एलिया संदेष्टा जिवाला कंटाळून रानात एका झुडपाखाली बसला आणि त्याने मरण मागितले (1 राजे 19). देवाने त्याला रागावले नाही, उपदेशही केला नाही. आधी झोपू दिले. मग देवदूताने त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, तेही दोन वेळा. पुढची वाट त्यानंतर. थकलेल्या शरीराची काळजी घेणे हीदेखील श्रद्धाच आहे.

2. त्या दिवशी मोठा निर्णय घेऊ नये. मन अंधारात असताना पूर्वीचा चांगला निश्चय बदलू नये, असे संत इग्नेशियस लोयोला शिकवतात. नोकरी सोडणे, भावाशी बोलणे तोडणे, मुलाची शाळा बंद करणे, हे त्या रात्री ठरवू नये.

3. गोडी वाटत नसली तरी छोटी प्रार्थना करावी. मन कोरडे असले तरी क्रुसाचे चुंबन घ्यावे, असे संत फ्रान्सिस सुचवतात. पूर्ण जपमाळ जमत नसेल तर एकच ‘नमो मरिया’ म्हणावे. देव आपल्या प्रार्थनेची लांबी मोजत नाही.

4. मनातले बोलून टाकावे. पती-पत्नीने एकमेकांशी बोलावे, विश्वासू मित्राला सांगावे, फादरांकडे जाऊन पापनिवेदन करावे. राग सूर्यास्तापलीकडे नेऊ नये, असे संत पौल सांगतात (इफिसकरांस 4:26). ज्या लेकरावर विनाकारण ओरडलो, त्याला झोपण्यापूर्वी जवळ घेऊन ‘माझे चुकले’ म्हणण्यात कमीपणा नाही.

एक दिवस वाईट जाणे वेगळे आणि आठवडेच्या आठवडे मन अंधारात राहणे वेगळे. झोप-भूक उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांकडे जावे. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेत 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे.

तक्रार कोणाजवळ करावी?

श्रद्धा असली म्हणजे वाईट दिवस येणार नाहीत, असे वचन प्रभूने कोठेही दिलेले नाही. क्रुसावर त्यालाही देवाने सोडल्यासारखे वाटले (मार्क 15:34). पण ती तक्रार त्याने देवाजवळच केली. पाठ फिरवली नाही. आपणही रडावे, विचारावे, भांडावेसुद्धा, मात्र त्याच्यासमोर बसून. जो देवाशी भांडतो, त्याचे देवाशी नाते तुटलेले नसते.

चिंतनासाठी प्रश्न

* माझा वाईट दिवस घरात कोणाला सोसावा लागतो?
* मनातले बोलण्यासाठी मला कोण आहे? मी कोणासाठी आहे?
* बऱ्याच रविवारी चर्चमध्ये न दिसलेल्या कोणाच्या घरी या आठवड्यात मी जाऊ शकतो?

प्रार्थना

हे प्रभो, आजचा दिवस आमच्या मनासारखा गेला नाही. तो आहे तसा तुझ्या हाती देतो. आमच्यामुळे ज्यांना दुखावले गेले त्यांना शांती दे, आम्हांला झोप दे आणि सकाळी पुन्हा उठण्याचे बळ दे. आमेन.